‘द व्हील ऑफ टाइम’ : शब्दांच्या विश्वातून संगणकाच्या पडद्यावर

अमेरिकी लेखक रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेवर बेतलेला याच नावाचा संगणकीय खेळ नोव्हेंबर १९९९ मध्ये बाजारात आला. हा खेळ ‘फर्स्ट पर्सन’ पद्धतीचा आहे. म्हणजे त्यात नायक पडद्यावर दिसत नाही. खेळणारा नायकाच्याच डोळ्यांनी सारे पाहतो. या पद्धतीच्या खेळांत तोवर बंदुकीचेच राज्य होते. बंदुकीचे नाव न घेता असा खेळ रचता येतो का आणि तोही ग्रंथातील विश्वाशी इमान राखून, हा प्रश्न या निर्मितीच्या मुळाशी होता.

जॉर्डन यांचे मूळ नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. मालेचा पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन निवर्तले तेव्हा माला अपुरीच होती. पुढे ब्रँडन सँडरसन यांनी अखेरचे तीन खंड सिद्धीस नेले आणि चौदावा खंड जानेवारी २०१३ मध्ये वाचकांच्या हाती आला. खेळ आला त्या वेळी आठच खंड निघाले होते, त्यामुळे कथेचा शेवट कोणालाच ठाऊक नव्हता.

या मालेत काळ सरळ रेषेत धावत नाही. तो सात आऱ्यांचे चाक होऊन फिरतो; युगे येतात, जातात, विस्मरणात बुडतात आणि पुन्हा उगवतात. कालचक्र आणि युगे या संकल्पनांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला यात परके असे काही वाटणार नाही. चाक फिरविणारी जी मूलशक्ती आहे, तिचा पुरुषांच्या वाट्याचा अर्धा भाग तमोधीशाने दूषित केलेला आहे. ती वापरणारा पुरुष वेडा होतो. म्हणून ही विद्या ‘आइझ सेडाय’ या स्त्रियांच्या संघाकडे असून टार व्हॅलन नगरीतील श्वेत मनोरा हे त्यांचे पीठ आहे. तमोधीश स्वतः बंदिवासात आहे आणि त्या बंदिशाळेवर सात मुद्रा आहेत.

हा खेळ तयार करणारी लिजंड एंटरटेनमेंट ही व्हर्जिनियातील छोटी कंपनी ग्रंथांवरून खेळ करण्यात मुरलेली होती. फ्रेडरिक पोल यांचे ‘गेटवे’, वाइस व हिकमन यांचे ‘डेथ गेट’, टेरी ब्रुक्स यांचे ‘शॅनारा’ यांना तिने याआधी पडद्यावर आणले होते. मात्र ते सारे संथ, कोडी सोडवत पुढे जाण्याचे खेळ होते. धावपळीच्या खेळाचा तिचा अनुभव अगदी नवा होता. एपिक कंपनीच्या ‘अनरिअल’ या गाजलेल्या खेळाचा पुरवणी भाग लिजंडने १९९९ मध्येच केला होता आणि त्याच ‘अनरिअल’चे तंत्रज्ञान येथे वापरले गेले. प्रमुख रचनाकार होते ग्लेन डालग्रेन.

त्यांनी जी युक्ती केली, ती दाद देण्याजोगी आहे. कादंबरीतील नायकांना त्यांनी हात लावला नाही. कादंबरीतील घटनांच्या आधीची एक स्वतंत्र कथा रचली आणि तिच्या केंद्रस्थानी एलेना सेडाय ही मनोऱ्यातील इतिवृत्तांची रक्षिका ठेवली. ही आइझ सेडाय असली, तरी मूलशक्ती वापरण्याची तिची स्वतःची कुवत तुटपुंजी आहे. म्हणून तिला ‘तेरआंग्रिअल’ या प्राचीन मंत्रवस्तूंवर विसंबावे लागते. या वस्तू मूळ ग्रंथांत आहेतच; खेळात त्यांची संख्या चाळीसच्या आसपास जाते. त्यांतील शक्ती मोजूनमापून असते, ती सरली की वस्तू निरुपयोगी. अशा रीतीने गोळ्यांचा हिशेब कथेच्याच नियमांतून आला. याआधीच्या ‘हेरेटिक’, ‘हेक्सन’ आदी खेळांतही जादू होती, पण तेथील छडी म्हणजे बहुतांशी वेषांतर केलेली बंदूकच. येथे अग्निगोल फेकणाऱ्या वस्तू आहेत, तशाच शत्रूशी जागेची अदलाबदल करणारी, त्याचा मारा परतवणारी किंवा शोषून घेणारी अशाही आहेत. पाठलाग करत येणारा मारा कोणत्या वस्तूने उलगडून टाकायचा, हे क्षणार्धात आठवावे लागते. नवख्याला याचा ताण जाणवतो हेही खरे.

मनोऱ्यावर एका मारेकऱ्याची धाड पडते आणि त्याच्या मागावर निघालेली एलेना शादार लोगोथ या शापित नगरीत पोहोचते. तेथून कथा ‘चिल्ड्रेन ऑफ द लाइट’ या कट्टर पंथाच्या किल्ल्यातून तमोधीशाच्या शायोल गुल पर्वतापर्यंत जाते. या स्थळांची भव्य वास्तुरचना समीक्षकांच्या पसंतीस उतरली. ओसाड शादार लोगोथमधून वाट काढताना वाचकाला पानांवरची भीती प्रत्यक्ष भेटते.

अनेकांनी मिळून खेळण्याच्या ‘सिटाडेल’ या प्रकाराची कल्पना तर काळाच्या पुढची होती. प्रत्येकाने आपापल्या गडावर सापळे, पहारेकरी, भिंती यांची योजना करायची, आपली मुद्रा राखायची आणि दुसऱ्याची पळवून आणायची. केवळ नेमबाजीवर तेथे निभाव लागत नाही.

एवढे असूनही खेळ विक्रीत अपयशी ठरला. ‘अनरिअल टूर्नामेंट’ हा त्याच तंत्रज्ञानावरचा, त्याच जीटी इंटरॅक्टिव्ह या प्रकाशकाचा खेळ त्याच सुमारास आला आणि पाठोपाठ डिसेंबरमध्ये ‘क्वेक ३ अरेना’. जीटी इंटरॅक्टिव्ह स्वतः आर्थिक अडचणीत होती. १९९९ च्या अखेरीस फ्रान्सच्या इन्फोग्राम्सने तिचा ताबा घेतला. कादंबरीच्या कोट्यवधी प्रती खपत असताना तिचे वाचक खेळाकडे का वळले नाहीत, याचे एक कारण असे दिसते की जाड खंड वाचणारा वर्ग आणि वेगवान नेमबाजीचा चाहता हे तेव्हा फारसे एकमेकांत मिसळत नव्हते. लिजंडने पुढे ‘अनरिअल २’ केला आणि २००४ च्या प्रारंभी कंपनी बंद पडली.

त्यानंतर बराच काळ हा खेळ दुकानांतून दिसेनासा झाला होता. जुन्या चकत्या जपून ठेवणाऱ्यांनाही नव्या संगणकांवर तो चालविण्यासाठी खटपट करावी लागे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने कादंबरीवरील दूरचित्रवाणी मालिका सुरू केली, तेव्हा या विश्वाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. एप्रिल २०२२ मध्ये जुने खेळ पुनरुज्जीवित करणाऱ्या नाइटडाइव्ह स्टुडिओजने हा खेळ आजच्या संगणकांवर चालेल अशा स्वरूपात जीओजी या संकेतस्थळावर विक्रीस आणला. दूरचित्रवाणी मालिका तीन पर्वांनंतर मे २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली.