पेंड, सोयाबीन आणि दूध तुटलेले पिल्लू : तासगाव परिसरातील पशुखाद्याचा एक उपेक्षित पैलू

तासगाव परिसराचा कृषी-इतिहास प्रामुख्याने द्राक्षे व बेदाणा यांच्या अनुषंगाने मांडला जातो. पशुखाद्यातील प्रथिनांकडे त्यात फारसे लक्ष जात नाही. वराहपालनाकडे तर नाहीच.

भुईमूग हे या पट्ट्यातील जुने पीक. शेंगदाणा पेंडीत प्रथिने सुमारे 45 टक्के असली, तरी लायसिन हे अमिनो आम्ल अल्प असते. नुकत्याच दूध तुटलेल्या वराहपिल्लाला नेमकी त्याचीच निकड असते. शिवाय बुरशीचा धोका. 1960 साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेली बुरशीयुक्त पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी दगावले व त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष उघडकीस आले. कोवळी पिल्ले त्याला लवकर बळी पडतात.

पुढे कृष्णाकाठी सोयाबीन पसरले. त्यात लायसिन भरपूर. परंतु कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक घटक पचनात अडथळा आणतात. उष्णता दिल्यास सोयाबीन पोषक ठरते, हे ऑसबोर्न व मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखविले होते. तरीही दुधाला सरावलेल्या आतड्याला ते एकदम मानवत नाही. मासळीच्या किंवा दुधाच्या भुकटीची जोड द्यावी लागते.

ही तुलना शास्त्रशुद्ध खरी. पण ती पोहोचली कोणापर्यंत? डुकरे पाळणाऱ्या वडार, कैकाडी कुटुंबांपाशी बहुधा ना शेत होते, ना घाणा. कैकाड्यांवर तर ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. देशभर तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पेंड विकत घेतली जाई ती दुभत्या म्हशीसाठी. डुकरे उकिरड्यावर चरत, आणि दूध तुटलेली पिल्लेही त्यांच्यामागून तिथेच जात.