नाव घेण्याचा खेळ

राजा भोज आणि कालिदास एका काळातले नव्हते, पण दंतकथांना त्याचं काय! त्यातल्या एका कथेत भोज कालिदासाला श्लोकाची शेवटची ओळ देतो. ओळ कसली, नुसता ठणठणाट. अर्थ शून्य. कालिदास आधीच्या ओळी रचतो: रामाच्या अभिषेकाच्या वेळी एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून असा आवाज करत खाली गेला. या खेळाला म्हणतात समस्यापूर्ती.

1925 च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ आणि त्याचे सर्रिअलिस्ट मित्र वेगळाच खेळ खेळायचे. एकाने कागदावर शब्द लिहायचा, घडी घालायची. पुढच्याने आधीचं न बघता आपला शब्द लिहायचा. शब्दांचा क्रम ठरलेला, त्यामुळे घडी उलगडली की वाक्य व्याकरणात बरोबर आणि अर्थ भलतीकडेच. पहिल्याच वाक्यातल्या शब्दांवरून खेळाचं नाव पडलं, 'सुंदर प्रेत'.

आपला उखाणा या दोन्हींच्या मधला. जुन्या मराठीत उखाणा म्हणजे कोडंसुद्धा. लग्नातल्या उखाण्यात पहिली ओळ चांदीच्या ताटाची, दुसरी नवऱ्याची. दोन्हींचा संबंध फक्त यमकापुरता. मी कोड लिहितो, त्यामुळे मला त्यात सरळ टेम्प्लेट दिसतं: एक रिकामी जागा, तिथे नाव भरायचं.

पण पॅरिसमध्ये कुणाचं काही अडलेलं नव्हतं. इथे अडलेलं असायचं. बाईने नवऱ्याचं नाव एरवी उच्चारायचं नाही. 'अहो', 'इकडून', 'बंडूचे बाबा' यावर संसार चालायचा. आमच्या नगरला अनेक वर्षं राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकसुद्धा 1934 पासून भागाभागाने आलेल्या 'स्मृतिचित्रे'त नवऱ्याचा उल्लेख 'टिळक' असाच करतात. नाव घ्यायची मुभा फक्त खेळात. उंबरठ्यावर नणंद वाट अडवायची, मंगळागौरीला मैत्रिणी हट्ट धरायच्या, मग चारचौघांत, हसत-लाजत, ते नाव घेता यायचं.

आणि ज्या बाईचा नवरा गेला, तिला हळदीकुंकवाला बोलावणंच नाही. म्हणजे नवऱ्याबरोबर त्याचं नाव घ्यायची जागाही गेली.

भिंगारला दिवाळीत पोरं पुण्याहून परतली की आम्ही गच्चीवर दोन्ही खेळ एकत्र करतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर पहिली ओळ लिहायची, शेवटचा शब्द तेवढा दिसेल अशी घडी घालायची, चिठ्ठी शेजाऱ्याला द्यायची. त्याने यमक जुळवून दुसऱ्या ओळीत नाव घ्यायचं. कुणाचंही. 'भिंगारच्या नाल्यात म्हैस बसली गार, मॅनेजरचं नाव घेतो, सुट्ट्या दिल्या चार.'

मागे एकदा मित्राच्या आजीने चिठ्ठी मागितली. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्याकडे आलेल्या घडीत मोबाइलच्या चार्जरवरची ओळ होती, हे तिला माहीत नव्हतं. तिने खाली आजोबांचं नाव लिहिलं, यमक जुळवून. आम्ही मोठ्याने वाचलं. चार्जर आणि आजोबा एकत्र आल्यावर हसू येणारच. सगळ्यात जास्त आजी हसली. मग तिने दुसरी चिठ्ठी मागितली आणि पुन्हा तेच नाव घातलं.

तुम्ही खेळलात तर घरातल्या सगळ्यांना चिठ्ठी द्या. शेवटचा शब्द सोडून बाकीची ओळ नीट झाका, एवढंच सांभाळायचं.