हत्यार कोणाच्या मालकीचे?



संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरवर कामगार चळवळीतला माणूस काय बोलणार, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. मला सुरांचे ज्ञान नाही आणि संगणकशास्त्र मी कोठे शिकलेलो नाही. परंतु हत्यार कोणाच्या मालकीचे, यावर कारागिराची स्थिती अवलंबून असते, एवढा धडा कामगारांच्या इतिहासाने मला दिला आहे. आणि आजच्या संगीतकाराचे हत्यार हे सॉफ्टवेअरच आहे. म्हणून त्याच्या किमतीची कथा आपणापुढे मांडतो.

प्रारंभ इंग्लंडातून केला पाहिजे. विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास मोजे विणण्याचा यांत्रिक माग तयार केला. पुढे नॉटिंगहॅम आणि लेस्टर या भागांत हजारो कुटुंबे त्यावर पोट भरू लागली. विणकर घरी बसून काम करी. पण माग बहुधा मालकाचा किंवा मध्यस्थाचा असे, आणि त्याचे भाडे मजुरीतून कापले जाई. काम कमी मिळाले म्हणून भाडे कमी होत नसे. लवकरच मध्यस्थांच्या ध्यानात आले की, मोजे विकण्यापेक्षा भाड्याची मिळकत अधिक खात्रीची आहे. मग तेवढेच काम अधिक मागांवर वाटले जाऊ लागले. कारण जितके माग, तितके भाडे. गरज नसलेली यंत्रे वाढली ती अशी. अखेर १८७४ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून मजुरीतून हे भाडे कापण्यास मनाई केली.

आता संगीताकडे वळू. १९८३ मध्ये 'मिडी' नावाचा संकेत ठरला आणि निरनिराळ्या कारखान्यांची विद्युत्‌वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. १९८९ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने अटारी संगणकासाठी 'क्यूबेस' आणले. त्यात प्रथम केवळ सुरांची नोंद होई, प्रत्यक्ष आवाज नव्हे. १९९१ मध्ये अमेरिकेतील डिजिडिझाइन कंपनीचे 'प्रो टूल्स' आले. त्यात ट्रॅक चार आणि किंमत सुमारे ६,००० डॉलर! तरी मोठ्या ध्वनिमुद्रणगृहाच्या खर्चापुढे ती कमीच होती. १९९६ मध्ये स्टाइनबर्गनेच 'व्हीएसटी' ही पद्धत आणली, आणि बाहेरच्या कोणालाही आपले 'प्लगइन' त्यात जोडता येऊ लागले. ज्यासाठी पूर्वी खास यंत्रे लागत, ते काम साधा संगणक करू लागला. येथपर्यंतची वाढ गरजेतून झालेली होती.

पुढे मात्र एक अडचण उभी राहिली. सुताराचा रंधा झिजतो, व्हायोलिनची तार तुटते. सॉफ्टवेअर झिजत नाही. एकदा विकले की गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येण्याचे कारण उरत नाही. ते कारण निर्माण करण्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागते, आणि नवी म्हणून विकायची तर तीत चार नव्या करामती हव्यात. त्या वापरणाऱ्याने मागितलेल्या असतात असे नाही. विक्रेत्याच्या वार्षिक हिशेबाला त्या हव्या असतात. अशा रीतीने एकाच कामाची दहा साधने, अनेक गिगाबाइटांचे आवाजांचे साठे आणि पडदाभर बटणे जमली. नाकापेक्षा मोती जड झाला.

करामतींनीही गिऱ्हाईक येईनासे झाले, तेव्हा भाडे आले. डिजिडिझाइन १९९५ मध्ये अ‍ॅव्हिड कंपनीकडे गेली होती. त्या कंपनीने २०१५ मध्ये प्रो टूल्ससाठी वर्गणीची पद्धत सुरू केली. मार्च २०२३ मध्ये वेव्ह्ज या कंपनीने, यापुढे आपली प्लगइने केवळ वर्गणीवरच मिळतील, असे जाहीर केले. येथे मागभाड्याहूनही एक जाच अधिक आहे. माग परत दिला तरी विणलेला मोजा मोजाच राहतो. परंतु वर्गणी थांबली की ज्या गाण्यात ते प्लगइन वापरले, ते संगीतकाराचे जुने काम पूर्वीसारखे वाजत नाही. म्हणजे भाडे केवळ उद्याच्या कामाचे नसून कालच्या कामाचेही झाले.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सॉफ्टवेअर लिहिणाराही कामगारच आहे. संगणकाची मूळ प्रणाली बदलत राहते, म्हणून डागडुजी कायम करावी लागते, आणि तिचे वेतन कोणीतरी दिलेच पाहिजे. गिब्सन कंपनीने २०१७ मध्ये 'केकवॉक'चे काम बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या 'सोनार'चे मालक उघड्यावर पडले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते विकत घेतले म्हणून निभावले. सांभाळणारा नसेल तर नुसती मालकी पांगळी ठरते.

पण भाडे हा एकच मार्ग नाही. 'रीपर' हे मोजक्या मेगाबाइटांचे सॉफ्टवेअर व्यक्तीला आणि लहान धंद्याला ६० डॉलरला मिळते, मोठ्या धंद्याला २२५ डॉलरला. हत्यार तेच, दर मिळकतीप्रमाणे. बेल्जियममधील 'एफएल स्टुडिओ' एकदा घेतला की पुढील आवृत्त्या फुकट मिळतात. अ‍ॅपलचे 'लॉजिक' २००४ मध्ये ९९९ डॉलरला होते, ते २०११ मध्ये सुमारे २०० डॉलरवर आले. अर्थात कंपनीची खरी कमाई संगणकावर आहे, आणि २००२ मध्ये लॉजिक ताब्यात येताच तिने विंडोजवरील आवृत्ती बंद केली, हेही विसरू नये.

एके काळी मुंबईत चित्रपटाच्या एका गाण्यासाठी पन्नास-पन्नास वादक एका दालनात बसत. त्यांचे मानधन थकत असेल. पण हातातल्या व्हायोलिनचे भाडे कोणी मागत नसे. आज त्यांतील पुष्कळांचे काम एकटा माणूस संगणकापुढे बसून करतो. त्याच्या वतीने तीन मागण्या करता येतील : हत्यार कायमचे विकत घेण्याची सोय राहावी, डागडुजीचा दर नव्या करामतींपासून वेगळा असावा, आणि वर्गणी संपली तरी आपले जुने काम उघडता यावे.

या मागण्या हवेतल्या नाहीत. २०२३ मध्ये वेव्ह्जच्या ग्राहकांनी एवढा ओरडा केला की थोड्याच दिवसांत कंपनीला कायम परवान्याची विक्री पुन्हा सुरू करावी लागली. नॉटिंगहॅमच्या विणकरांना न्यायासाठी पिढ्या थांबावे लागले, कारण दुसरा माग त्यांना परवडत नव्हता. या ग्राहकांपुढे दुसरी दुकाने उघडी होती, आणि ते सारे एकाच वेळी बोलले. दुकाने उघडी आहेत तोवरच एकत्र बोलण्याची सवय लावून घ्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.