अमरावतीची रेखाटनवही

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ३३अ क्रमांकाच्या दालनात अमरावतीच्या महास्तूपाची शिल्पे आहेत. ही अमरावती विदर्भातली नव्हे, आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी वसलेली. भारतातून आई-वडील किंवा मित्र आले की आपल्यापैकी अनेकजण त्यांना एकदा तरी या दालनात नेतात. हात जोडतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. मीही आजवर तेच करीत आलो. गेल्या हिवाळ्यात सात वर्षांच्या मुलीला घेऊन गेलो, तेव्हाही मोबाइलवर चाळीसेक छायाचित्रे काढून मोकळा झालो. ती मात्र फरशीवर बसकण मारून, शाळेच्या वहीत एकच शिळा उतरवून घेत होती. वृक्ष, त्याखाली आसन, आसनापुढे पावले, दोन्ही बाजूंना हात जोडून उभी माणसे. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "बाबा, सगळे नमस्कार करतायत, पण खुर्चीवर कोणीच नाही. मी कुणाला काढायला विसरले का?"

ती विसरली नव्हती. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिल्पात तथागतांची मूर्ती कोरलेलीच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन आणि पदचिन्हे एवढ्यावरच त्यांची उपस्थिती सूचित केली आहे. हे मी पुस्तकांत वाचले होते. त्या शिळेपुढे पाच-सहा वेळा उभाही राहिलो होतो. तरी ते रिकामेपण मला खटकले नव्हते. तिला खटकले, कारण तिला ते हाताने काढावे लागले. याच शिळेच्या पाठीमागच्या बाजूवर, सुमारे तीन शतकांनी, दुसऱ्या शिल्पकाराने अख्खा स्तूप कोरला: वेदिका, स्तंभ, घुमट आणि भोवती उडणारे देव. एकच दगड दोनदा वापरला गेला आणि दोन काळांचा धम्म त्याच्या दोन अंगांवर राहिला.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. अमरावतीचा स्तूप आज उभा नाही. जागेवर उरला आहे तो गोल पाया आणि काही शिळा. मग तो कसा होता, याविषयी आपण जे बोलतो ते कशाच्या आधारावर?

त्याचे एक उत्तर याच शहरात, ब्रिटिश लायब्ररीत, एका चित्रसंग्रहाच्या रूपाने जपलेले आहे. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील स्टॉर्नोवे गावचा कॉलिन मॅकेन्झी १७८३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला. पेशाने तो लष्करी अभियंता व सर्वेक्षक. महसूल आणि मोहिमांसाठी मुलूख मोजणे हे त्याचे काम. त्याविषयी कोणताही भ्रम बाळगण्याचे कारण नाही. परंतु मुलूख मोजता मोजता दिसेल ते टिपून घेण्याची त्याला जबर खोड होती. १७९७ च्या सुमारास त्याच्या कानावर आले की, वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू या जमीनदाराने अमरावतीला आपले ठाणे हलवले आहे, आणि नव्या गावाच्या बांधकामासाठी 'दीपालदिन्ने', म्हणजे दिव्यांची टेकडी, या उंचवट्यातून विटा व कोरीव दगड काढले जात आहेत. १७९८ मध्ये त्याने तेथे धावती भेट दिली, नोंदी केल्या, काही रेखाटने केली आणि तो पुढच्या कामाला निघून गेला.

परत यायला त्याला जवळजवळ अठरा वर्षे लागली. १८१५ साली तो भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला आणि १८१६ च्या मार्चमध्ये आपल्या माणसांसह अमरावतीला पोहोचला. तोवर टेकडीचा मध्यभाग खणून तिथे तळे करण्याचे काम झाले होते. शिळा घरांत, पायऱ्यांत, देवळांत गेल्या होत्या. चुनखडकाच्या असल्याने काही भट्टीत भाजून त्यांचा चुना झाला होता. उरले होते ते मॅकेन्झीच्या माणसांनी कागदावर उतरवायला घेतले. हे काम पुढची दोन-तीन वर्षे चालले. त्यातून ८५ रेखाटने तयार झाली: टेकडीचा नकाशा, मांडणी, आणि एकेका शिळेचे मापानुसार काढलेले चित्र. अनेक पानांवर काढणाऱ्याचे नाव व तारीख आहे. जॉन न्यूमन, हेन्री हॅमिल्टन ही त्यांतली काही नावे. मद्रासला १७९४ पासून एक सर्वेक्षण शाळा चालत असे. तेथे अनाथाश्रमातील मुलांना मोजणी व नकाशे काढणे शिकवून कामाला लावले जाई. कंपनी सरकारला स्वस्तात माणसे हवी होती, एवढाच त्यामागचा हेतू. पण दक्षिण भारताच्या सर्वेक्षणातला मोठा भार या शाळेतून घडलेल्या हातांनी उचलला. इतिहासाच्या ग्रंथांत मात्र मॅकेन्झीचे नाव ठळक छापले जाते आणि आरेखकांची नावे तळटिपेत जातात. हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

या कामातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. मॅकेन्झीला अमरावतीचा स्तूप बौद्ध आहे हे कळलेच नव्हते. तो त्याला जैन अवशेष समजत होता. बौद्ध धम्माची भारतातली स्मृतीच इतकी पुसली गेली होती की दगड समोर असूनही त्याला नाव देता येईना. तरीही रेखाटने खरी उतरली. आसन रिकामे होते, ते रिकामेच काढले गेले. चक्र स्तंभावर होते, ते स्तंभावरच राहिले. अर्थ चुकला, रेघ चुकली नाही. पुढे १८४५ साली वॉल्टर इलियटने उत्खनन करून बऱ्याच शिळा मद्रासला नेल्या. त्यांतल्या अनेक १८५९ मध्ये लंडनला आल्या आणि काही वर्षे जवळपास अडगळीतच पडून राहिल्या. १८८० मध्ये मद्रासच्या गव्हर्नरच्या आदेशाने उरलेली जागाही, पुरेशी नोंद न ठेवता, खणून साफ करण्यात आली. मॅकेन्झीच्या पानांवर असलेल्या कित्येक शिळा आज जगात कुठेच नाहीत. त्यांचे अस्तित्व त्या कागदांपुरतेच उरले आहे. १८६० च्या दशकात जेम्स फर्ग्युसनने स्तूपाची रचना पुन्हा मांडण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्याच्या टेबलावर शिळांच्या जोडीला हीच रेखाटने होती.

येथे अजिंठ्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून तेथील भित्तिचित्रांच्या भव्य तैलप्रती केल्या. १८६६ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्या बहुतेक सर्व नष्ट झाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. अमरावतीच्या रेखाटनांचे तीन संच झाले आणि ते तीन शहरांत पाठवले गेले. आम्ही संगणकवाले ज्याला बॅकअप म्हणतो, ते त्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी कागदावर केले होते.

माझ्या पेशाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कामात एक दोष महिनाभर सापडत नव्हता. दस्तऐवज उत्तम होते, आकृत्या सुबक, संगणकावर काढलेल्या. एका दुपारी कंटाळून मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने चौकोन आणि बाण काढत गेलो: हा संदेश येथून निघतो, तेथे पोहोचतो, तेथून परत येतो. पाचव्या चौकोनाशी हात थांबला. तेथून परतीचा बाणच नव्हता. सुबक आकृतीत तो कुणीतरी गृहीत धरून काढला होता. डोळे गृहीत धरतात; हाताला प्रत्येक रेघ कुठून कुठे न्यायची हे ठरवावेच लागते. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर साधी कोरी वही असते. कनिष्ठ सहकाऱ्यांना सुरुवातीला ते जुनाट वाटते, मग तेही पेन्सिल मागतात.

याला प्रयोगांचाही आधार आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा त्याचे चित्र काढणाऱ्यांना तो अधिक चांगला आठवला. चित्र काढायला अवघी चार सेकंद दिली तरी फरक टिकला, आणि चित्र चांगले की वाईट याने फारसे बिघडले नाही. अमेरिकेतील लिंडा हेन्केल यांनी संग्रहालयात केलेल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे नुसते छायाचित्र काढले त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. माझ्या मोबाइलमधल्या त्या चाळीस छायाचित्रांपैकी एकही मी पुन्हा उघडून पाहिले नव्हते, हे येथे कबूल केलेले बरे.

परंतु हाताने उतरवून घेण्याने आपल्या इतिहासाला जे दिले, त्याचा सर्वांत मोठा दाखला १८३७ सालचा आहे. कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा जेम्स प्रिन्सेप ब्राह्मी लिपीच्या मागे लागला होता. स्तंभांवर, शिलांवर ती अक्षरे सर्वत्र होती. शतकानुशतके कुणालाही वाचता येत नव्हती. सांचीच्या स्तूपाच्या वेदिकेवर कोरलेल्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला कॅप्टन एडवर्ड स्मिथने करून त्याच्याकडे पाठवल्या. स्मिथला त्यातले अवाक्षर कळत नव्हते. एका अर्थी तेच बरे झाले: लिपी येणारा माणूस नकळत आपल्याला अपेक्षित अक्षर काढतो, न येणारा जसे दिसते तसे काढतो.

प्रिन्सेप हे तुकडे छपाईच्या शिळेवर उतरवण्यासाठी एका पानात जुळवीत होता. जुळवता जुळवता त्याच्या लक्षात आले की जवळपास प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. इतके छोटे, इतके सुटे लेख राजाच्या आज्ञा असणे शक्य नाही. ही माणसे काहीतरी देऊन आपले नाव कोरून गेली असणार. मग शेवटचा शब्द 'दानं'. त्या एका शब्दाने द आणि न हाती आले, त्याआधीच्या षष्ठीच्या प्रत्ययाने स आला, आणि पाहता पाहता लिपी उलगडली. 'देवानंपिय पियदसि' वाचता आले. सिंहलद्वीपात पाली ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या जॉर्ज टर्नरने पियदसि म्हणजेच सम्राट अशोक, हे दाखवून दिले. योगायोगाने त्याच १८३७ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विनने आपल्या टिपणवहीत फांद्यांचे एक वेडेवाकडे झाड काढले. सजीवांच्या उत्क्रांतीचा त्याचा विचार प्रथम त्या रेघांत दिसतो.

लिपी वाचता येऊ लागल्यावर आधी मुक्या असलेल्या शिळा बोलू लागल्या, आणि अशोकापेक्षाही मला ज्यांचे अप्रूप वाटते अशी माणसे पुढे आली. भिक्खू, भिक्खुणी, गृहपती, व्यापारी, विदिशेचे हस्तिदंतकार. अमरावतीच्या लेखांत एक नाव आहे: विधिक, व्यवसायाने 'चम्मकार', म्हणजे चामड्याचे काम करणारा. उपाध्याय नागाचा मुलगा. आई, पत्नी, भाऊ आणि मुलगा यांना सोबत घेऊन त्याने पूर्णघट कोरलेली शिळा महास्तूपाला दान दिली, आणि आपला व्यवसाय न लपवता कोरून ठेवला. पुढच्या काळात ज्या धंद्याच्या माणसाला गावाच्या वेशीबाहेर बसवले गेले, त्या धंद्याचा एक माणूस येथे धम्माच्या सर्वांत भव्य वास्तूंपैकी एका वास्तूचा दाता म्हणून उभा आहे, आणि त्याचा बाप उपाध्याय आहे. हा लेख मी प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ पान उलटले नव्हते.

१९२० नंतरच्या लंडनच्या वास्तव्यात बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्याच वाचनालयात दिवसभर बसून टिपणे काढत असत. अमरावतीच्या शिळाही तेव्हा त्याच वास्तूत होत्या.

त्या हिवाळ्यातल्या भेटीनंतर घरी आल्यावर मी मुलीला विधिकाची गोष्ट सांगितली. तिने लगेच वही उघडली आणि कमळांनी भरलेला घट काढला. घट थोडा कलला, कमळे पानकोबीसारखी झाली. मग म्हणाली, "त्याचं नाव त्याच्या अक्षरात कसं लिहायचं?" मी प्रिन्सेपची अक्षरे शोधून तिच्यापुढे ठेवली. वि तीनदा खोडून काढला. धि करताना जीभ बाहेर आली. क मात्र पाहताक्षणी जमला, कारण अशोककालीन ब्राह्मीतला क म्हणजे गणितातले अधिकाचे चिन्ह.