समेनंतरचा गलका

तिसरी घंटा होते आणि तुमचा हात सवयीने खिशात जातो. फोन बंद करायला. हाताला लागते ती पितळेची चपटी पानाची डबी, आणि दमट हवेने मऊ पडलेलं तिकीट. शुक्रवार, 8 जुलै 1921. मुंबईचं बालीवाला थिएटर. आज 'संयुक्त मानापमान'.

आत ओल्या छत्र्यांचा आणि अत्तराचा मिसळलेला वास आहे. पुढच्या खुर्च्यांना शंभर-शंभर रुपये पडलेत. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जायचं आहे. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, एरवीच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, आज एकाच रंगमंचावर उभ्या राहणार आहेत. शेजारचे पगडीवाले गृहस्थ तुमची छत्री पायाने पलीकडे सरकवतात.

"कुणाकडचे?"

"म्हणजे?"

"नारायणरावांचे की केशवरावांचे?"

नारायणराव म्हणजे बालगंधर्व, ते भामिनी; केशवराव भोसले धैर्यधर. तुम्ही सावधपणे "दोघांचे" म्हणता.

"मग आज घसा बसणार तुमचा."

नांदी होते. नाटक पुढे सरकतं आणि प्रेक्षागृह गप्प बसायचं नावच घेत नाही. लक्ष्मीधराच्या फजितीवर मागून कुणी उघड शेरा मारतो, डब्यांची झाकणं वाजतात, अडकित्ता कटकट करतो. तुमच्या तोंडून नकळत "श्श!" निघतं. पगडी तुमच्याकडे वळते.

"का हो? घरात कुणी आजारी आहे?"

तुम्ही ओशाळता. पण मग भामिनी येते, साथीदार सूर देतात, आणि तोच जमाव असा काही निवतो की छपरावरचा पाऊस ऐकू यावा. इथे ध्वनिक्षेपक नाही. शेवटच्या रांगेपर्यंत जायचं ते नुसत्या गळ्याने. खोकला आलेला मनुष्य उपरणं तोंडात कोंबतो. मागे एक मूल रडू लागतं, तर आईच त्याला घेऊन बाहेर पडते. तिला कुणी सांगावं लागत नाही.

पद रंगात आलेलं असतानाच पिटातला एक पोरगा ओरडतो, "वन्स मोअर!" शे-दोनशे माना त्याच्याकडे वळतात. पोरगा खुर्चीत खाली घसरतो.

"नवखा आहे," पगडीवाले कुजबुजतात. "समेवर येऊ द्यावं माणसाला. मग मागावं."

सम येते, आणि मग जो गलका उठतो त्याला आजच्या कुठल्याच टाळ्यांची उपमा चालणार नाही. भामिनी किंचित लवते, पद पुन्हा सुरू होतं. पहिल्यासारखं मात्र नव्हे. त्याच ओळीवर आता वेगळी तान आहे, वेगळी जागा आहे. तेच पुन्हा ऐकायला कुणी ओरडलेलंच नसतं. घरी ग्रामोफोन असेल त्याच्याही तबकडीत मावतात जेमतेम तीन मिनिटं, आणि तीही दर वेळी तीच. आणखी काय दडवून ठेवलंय ते पाहायचं, तर इथेच मागून घ्यायला हवं.

याची किंमत नाटक मोजतं, हेही खरं. श्रीमंतीच्या तोऱ्यात झालेल्या अपमानाने धैर्यधर पेटतो, पद म्हणतो, वन्स मोअर येतो, की संताप बाजूला ठेवून तो पुन्हा पहिल्या ओळीवर. नाटककार खाडिलकरांनी बांधलेला प्रसंग तेवढा वेळ हात जोडून विंगेत उभा राहतो. तुमचं मन कुरकुरतं. मग तुम्हाला आठवतो परवाचा तुमच्याकडचा प्रयोग: ऐन शांत प्रसंगात पुढच्या रांगेत वाजलेली रिंगटोन आणि "हां, नाटकात आहे, बोल" असं सांगणारा तो दबका आवाज. इथला दंगा निदान रंगमंचाकडे तोंड करून चाललेला आहे.

पानाची डबी रिकामी होते. रात्र किती झाली ते कुणी पाहत नाही. भामिनीला एक वन्स मोअर मिळाला की केशवरावांची मंडळी आपल्या माणसासाठी दोन मागतात, आणि मग हिशेब सुटतो. नारायणरावांचे म्हणवणारे पगडीवाले धैर्यधराच्या तानेला मांडीवर थाप मारू लागतात. केशवराव तिशीचे आहेत. स्वर उंच, धारदार, जरासुद्धा न थरथरणारा. ऑक्टोबरच्या 4 तारखेला विषमज्वराने ते जातील. या गर्दीत हे ठाऊक असलेले एकटे तुम्ही.

सम येते.

"पुन्हा कधीतरी बेतानं ऐकू यांना," पगडीवाले घसा चोळत म्हणतात. "आज पुरे. माझा तर आवाज गेला."

तुम्ही उठून उभे राहता. आयुष्यात पहिल्यांदा, भर थिएटरात, घसा फाटेस्तोवर ओरडता, "वन्स मोअर!"