टर्बो इंजिन ऑइल का खाते? गोंदियाच्या फलाटावरून एक शोध

१/८
विद्युतीकरणापूर्वी गोंदिया जंक्शनवरून बल्लारशाहकडे जाणारी गाडी सुटताना डिझेल इंजिन काळ्या धुराचा लोट सोडी. लहानपणी आम्हांस वाटे, ऑइल जळते आहे. तो समज चुकीचा होता. पण त्यातूनच एक ऐतिहासिक प्रश्न हाती लागतो.

२/८
काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल. इंधन तत्काळ वाढते. टर्बो मात्र वेग घेऊन हवा पुरवेपर्यंत काही क्षण जातात. ऑइल जळते तेव्हा धूर निळसर असतो.

३/८
वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची. पेटंट १९०५ चे. १९२० च्या दशकात ती जहाजांवर आली. तासन्‌तास एकाच गतीने चालणाऱ्या यंत्रांना ती मानवली.

४/८
वाराणसीच्या कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या तंत्रावरील हे डब्ल्यूडीएम-२ : १६ सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, टर्बोसह.

५/८
मोटारीच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याच्या सील रिंगा रबरी नसून धातूच्या असतात. ऑइल आत रोखण्याचे बरेचसे काम बाहेरील हवेचा व धुराचा दाब करतो.

६/८
इंजिन दीर्घकाळ आयडलिंगवर राहिले की हा दाब घटतो आणि ऑइल झिरपते. एअर फिल्टर तुंबला तर ते हवेच्या वाटेने ओढले जाते. चेंबरकडे परतणारी नळी चोंदली, तर साचलेले ऑइल सीलबाहेर पडून जळते. तापलेले इंजिन एकदम बंद केल्यास टर्बोत अडकलेले ऑइल करपते. नळी बहुधा याच काजळीने चोंदते.

७/८
१९६२ मध्ये अमेरिकेत टर्बो मोटारीत आला. आपल्याकडे १९९८ ची टाटा सफारी टर्बो डिझेल घेऊन आली. पुढच्याच वर्षी, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. संथ, अखंड प्रवासासाठी घडलेले यंत्र आता बाजारपेठेत दर पाच मिनिटांनी थांबू लागले.

८/८
म्हणून निळा धूर दिसताच ‘हाफ इंजिन करावे लागेल’ हे वाक्य लगेच मान्य करू नये. पिस्टन रिंगा झिजल्या असू शकतात, हे खरे. पण आधी एअर फिल्टर, परतीची नळी आणि टर्बोचा शाफ्ट तपासून घ्यावा. हजारोंचा खर्च कदाचित एका चोंदलेल्या नळीपाशी थांबेल. आणि लांब पल्ल्यानंतर इंजिन मिनिटभर शांत चालू देऊन मगच किल्ली फिरवावी. यंत्र नवे असले, तरी त्याची सवय जहाजाची आहे.