तळघरावरची सावली

म्यूनिच शहरातल्या एका जुन्या बीअर-बागेत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. बरोबर डबा होता, डब्यात सकाळच्या पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. झाडाखाली पांढरा मेजपोस घातलेले एक टेबल रिकामे दिसले. तेथे बसलो आणि डबा उघडला. वाढणारी बाई लगबगीने आली. आता ही आपल्याला उठवणार, या समजुतीने आम्ही डबा झाकू लागलो. तिने आम्हांला उठवले खरे, पण बागेबाहेर नाही. डब्याकडे बोट केले, मग मेजपोसाकडे बोट करून मान हलवली, आणि पलीकडच्या उघड्या लाकडी बाकांकडे हात दाखवला. तेथे बसलेल्या मंडळींपुढे पाहतो तो घरून आणलेला पाव, मुळ्याच्या चकत्या, चीज, उकडलेली अंडी. एका आजोबांनी तर आपल्या पिशवीतून घरचाच मेजपोस काढून अंथरला होता.

मेजपोस घातलेले टेबल उपाहारगृहाचे, उघडे टेबल घरचे खाणाऱ्यांचे, असा तेथला नियम. पेय तेवढे तेथलेच घ्यावयाचे. ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी वाचत लहानाचे मोठे झालेल्या आम्हां लोकांस हे सारे चमत्कारिक वाटावे यात नवल नाही.

वसंत व्याख्यानमालेत बीअरच्या गुत्त्यांविषयी बोलावे याबद्दल काही श्रोत्यांच्या कपाळास आठी पडेल. त्यांनी खुशाल समजावे की हे व्याख्यान बीअरविषयी नसून बाकांविषयी आहे. माणसाला एखाद्या ठिकाणी बसावेसे का वाटते, आणि त्यात कायद्याचा वाटा किती, एवढाच आमचा विषय.

मुळात या बागा कोणी बागा म्हणून लावल्याच नव्हत्या. बव्हेरियात १५३९ साली असा नियम झाला की बीअर करण्याचे काम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात चालावे. कारणे व्यवहारातली होती. भट्टीच्या जाळामुळे उन्हाळ्यात आगी लागत आणि उष्ण हवेत बीअर नासे. तिकडची बीअर आपल्याकडच्या दारूसारखी गाळीव नसते. भिजवून मोड आणलेल्या सातूचा काढा उकळायचा, त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालायची आणि मग तो आंबवायचा. बव्हेरियातले किण्व तळाशी बसणारे. त्याला चार ते दहा अंशांच्या आसपास थंडावा लागतो. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बीअर करून ती उन्हाळाभर पुरवावी लागे. ती गार राहावी कशी? भट्टीवाल्यांनी ईझार नदीच्या उंच काठात तळघरे खोदली आणि हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आणून त्यांत भरला. तळघराच्या माथ्यावर ऊन तापू नये म्हणून वर खडी पसरली आणि घोडचेस्टनटची झाडे लावली. या झाडाचे पान हाताच्या पंजाएवढे, सावली दाट, आणि मुळे फार खोल जात नाहीत, म्हणजे खालच्या कमानीस धोका नाही. झाडे लावली ती पिंपांसाठी. माणसे त्या सावलीत पुढे येऊन बसली.

फ्रँकोनिया या बव्हेरियाच्या उत्तर भागातले लोक आजही ‘तळघरात जातो’ असे म्हणत नाहीत, ‘तळघरावर जातो’ असे म्हणतात. दोनशे वर्षांचा इतिहास एका प्रत्ययात राहिलेला आहे.

माणसे तेथे येऊन बसू लागली तसे शहरातले खानावळवाले संतापले. भट्टीवाला ताजी, थंडगार बीअर थेट तळघरातून देतो, शिवाय खायलाही घालतो, मग आमच्याकडे कोण येणार, ही त्यांची तक्रार. राजा पहिला माक्सिमिलियन योझेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी जो हुकूम काढला, तो तडजोडीचा उत्तम नमुना आहे. भट्टीवाल्यांनी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या तळघरावर स्वतः केलेली बीअर किरकोळ विकावी आणि सोबत पाव द्यावा. अन्य खाद्यपदार्थ आणि दुसरे कोणतेही पेय देण्यास मात्र मनाई. राजाला दोन व्यापाऱ्यांचे भांडण तोडायचे होते, गिऱ्हाइकाचा विचार त्यात कितपत होता हे सांगवत नाही. पण नुसत्या पावावर संध्याकाळ कशी काढायची? लोकांनी घरून डबे आणण्यास सुरुवात केली, आणि भट्टीवाल्याला हरकत घेण्याचे कारण उरले नाही. पुढे खाणे विकण्याची बंदी गेली, पण डबा राहिला.

या एका कलमाने त्या जागेची सारी प्रकृती बदलली असे आमचे मत आहे. ज्या माणसाच्या खिशात एका प्याल्यापुरतेच पैसे आहेत तोही बायकामुलांसह येऊन तीन तास बसू शकतो. मोलकरीण आणि न्यायाधीश एका बाकावर बसतात असे तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. त्यात थोडी बढाई असेल, पण बाक लांब असतो आणि शेजारी कोण यावा हे कोणी ठरवत नाही, एवढे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आपल्याकडेही गुत्त्याला रूप दिले ते कायद्यानेच. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू आणि ताडी सरकारी पकडीत घट्ट आली. मक्ते लिलावाने जात, आणि चढी बोली बोलून मक्ता घेतलेल्याची नजर गल्ल्यावर असणार, बाकावर नव्हे. म्हणून आपला गुत्ता काळोखा, उभ्याने पिण्याचा, बायकामुलांना वर्ज्य. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर पिणारा परवानाधारक झाला आणि ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या भाषेत आला. पडदे ओढलेली, दिवसाही रात्र वाटणारी खोली. भट्टी आणि बैठक एकाच छपराखाली असलेली जागा पुण्यात निघाली ती २००९ साली. ज्या देशात गाळणारा, विकणारा आणि पिणारा यांची एकमेकांशी भेटच होऊ दिली नाही, तेथे गुत्त्याविषयी कोणी प्रेमाने बोलावे कसे?

पण बव्हेरियाचे कौतुक करताना हात जरा आखडता घेतला पाहिजे. म्यूनिचचे होफब्रॉयहाउस १५८९ साली ड्यूक पाचवा विल्हेल्म याने दरबाराची बीअर घरच्या घरी व्हावी म्हणून स्थापिले आणि १८२८ साली ते सर्वांना खुले झाले. आजही तेथे नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मातीचे मग कुलूपबंद कप्प्यांत ठेवलेले असतात. त्याच इमारतीच्या वरच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १९२० रोजी सुमारे दोन हजार लोकांपुढे हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला. ८ नोव्हेंबर १९२३ ला ब्युर्गरब्रॉयकेलर या दुसऱ्या मोठ्या बीअर-दालनात त्याने छताकडे पिस्तूल झाडून बंड पुकारले. लांब बाक, स्वस्त प्याला, हजारो श्रोते मावतील असे दालन: ज्या गुणांनी ही जागा लोकांची झाली, तेच गुण त्याच्या कामी आले. आणि त्या बाकावरून पहिल्यांदा उठवले गेले ते ज्यू. योझेफ शुलाइन या ज्यू उद्योजकाची भट्टी १९२१ साली प्रख्यात ल्योव्हेनब्रॉयशी एकत्र झाली होती. तिच्या बीअरला ‘ज्यूंची बीअर’ म्हणून हिणवण्यात आले, आणि १९३३ साली त्यांना कारभारातून बाहेर पडावे लागले.

याच ब्युर्गरब्रॉयकेलरमध्ये १९३९ साली गेओर्ग एल्सर नावाचा एक सुतार रोज संध्याकाळी येऊन साधे जेवण घेई. बंद होण्याच्या वेळी तो सज्जात लपे आणि रात्रभर एका खांबात पोकळी कोरीत बसे. अशा तीसहून अधिक रात्री त्याने काढल्या. ८ नोव्हेंबर १९३९ ला तेथे त्याचा बॉम्ब फुटला. हिटलर तेरा मिनिटे आधी निघून गेला होता. आठ माणसे मेली. एल्सरला ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउच्या छावणीत गोळी घालण्यात आली. साध्या जेवणाच्या गिऱ्हाइकाकडे कोणी संशयाने पाहत नसे म्हणून त्याला हे साधले. ती इमारत १९७९ साली पाडली.

तळघरांची गरज तर त्याच्या कितीतरी आधीच संपली होती. कार्ल फोन लिंडे याच्या शीतयंत्राचे प्रयोग १८७० नंतरच्या दशकात म्यूनिचच्याच श्पाटेन भट्टीत झाले, आणि बारमाही थंडावा मिळू लागला. झाडे तोडून जमीन विकण्यास त्या दिवसापासून कोणाची आडकाठी नव्हती. कित्येक ठिकाणी तसे झालेही. जेथे झाले नाही तेथे लोक हटून बसले म्हणून झाले नाही. १९९५ सालची गोष्ट पाहा. शहराच्या दक्षिणेच्या एका बागेविरुद्ध शेजाऱ्यांनी गोंगाटाची फिर्याद केली आणि न्यायालयाने ती रात्री साडेनऊला बंद करण्यास सांगितले. १२ मे रोजी वीस हजारांवर माणसे म्यूनिचच्या रस्त्यांवर उतरली. शेजाऱ्यांची बाजू अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही; लाउडस्पीकरच्या शेजारी ज्याचे घर आहे त्याला ती कळेल. शेवटी १९९९ च्या एप्रिलमध्ये सरकारने नियम केले: संगीत दहापर्यंत, बाग अकरापर्यंत. बीअर-बाग कशाला म्हणावे हेही त्यात सांगितले आहे. तिला बागेचे रूप हवे, आणि घरून आणलेले खाणे विनामूल्य खाता आले पाहिजे. १८१२ च्या हुकुमातून निघालेली पळवाट अशा रीतीने कायद्यात व्याख्या होऊन बसली.

आमची स्वतःची आवडती जागा मात्र म्यूनिचमध्ये नाही. बव्हेरियाच्या ईशान्येस ओबरफाल्ट्स प्रांतात नॉयहाउस, विंडिशएशेनबाख अशी चारदोन लहान गावे आहेत, तेथे गावाची एक सामाईक भट्टी असते. बीअर करण्याचा हक्क माणसाला नसून घराला आहे. घर विकले की हक्क त्याच्याबरोबर जातो. हक्कदार कढईचे भाडे भरतो, लाकडाच्या जाळावर काढा उकळतो, उथळ पसरट हौदात तो रातभर निववतो आणि सकाळी आपल्या तळघरात नेऊन आंबवतो. बीअर तयार झाली की घरावर सहा टोकांची चांदणी टांगायची. तिची तीन टोके अग्नी, जल, वायू यांची, उरलेली तीन पाणी, सातू, हॉप यांची, असे सांगतात. किण्वाला टोक नाही, कारण चांदणी जुनी आणि किण्वाचा शोध नवा. या बीअरला त्सॉयगल म्हणतात.

चांदणी दिसली की घराच्या बैठकीत शिरावे. घरधनीण डुकराच्या मांसाचे थंड काप आणि पाव आणून ठेवते; आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर तिने चीज आणले, आणि शेजारच्या शेतकऱ्याने न विचारता सरकून जागा दिली. घरांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, त्यामुळे आज ज्याच्याकडे आपण पीत आहो तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या ओसरीवर गिऱ्हाईक असतो. आम्ही रविवारी रात्री निघालो तेव्हा घरधनी दारात शिडी लावून उभा होता. पिंप संपले होते, आणि तो चांदणी उतरवीत होता.